निमित्त संपलं तेव्हा : प्रमोशन नाकारणाऱ्या एका हेड कॅशियरचं प्रकरण

आमच्याकडे खानदेशात दर दुसऱ्या घरात एक बापू असतो, एक आबा असतो, एक नाना असतो. म्हणून या माणसाला बापूच म्हणतो, कुणाला ओळख पटायची नाही. बँक, शाखा, गाव झाकलंय, दोन-तीन तपशील मुद्दाम फिरवलेत. बापूने आणि वहिनींनी दोघांनी वाचून हो म्हटलंय, वहिनींनी एक वाक्य घालायलाच लावलं, ते पुढे येईल.

मी कोण, तर बँकेतून निवृत्त झालेला, युनियनचं थोडंफार काम केलेला माणूस. बदली, प्रमोशन, व्हीआरएस म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, असलं काही आलं की लोक अजून फोन करतात. एक आधीच सांगून टाकतो, मी माझ्या वेळी प्रमोशन घेतलं होतं, सहा वर्षं बाहेर काढली, त्यात पोरीची पाचवी ते दहावी मी फोनवरच पाहिली. त्यामुळे या विषयात माझं मत तटस्थ वगैरे अजिबात नाही.

पार्श्वभूमी

बापूचं वय तेव्हा 49. अमळनेर-पारोळा पट्ट्यातलं गाव, बोरी नदीच्या अंगाला. वडील सालदार होते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारा माणूस, आणि त्याचं साल आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला ठरतं. बापूला लहानपणीची आखाजी आठवते ती गोडाधोडाच्या जेवणाची आणि झोक्यांची कमी, बाप मालकाच्या ओट्याखाली उभा राहून यंदाचा आकडा ऐकतोय, ती जास्त.

अशा घरातला पोरगा 1998 ला परीक्षा देऊन सरकारी बँकेत क्लार्क लागला. आई गावभर सांगायची, "मन्हा आंडोर बँकमा शे", म्हणजे माझा मुलगा बँकेत आहे. तिच्या लेखी तिथेच सगळं मिळालं होतं. पण बँकेत लागल्यावर दोन-चार वर्षांनी लोक विचारायला लागतात, साहेब कधी होणार? मग आईपण विचारायला लागली.

बापू कॅशवर रमला. पुढे हेड कॅशियर झाला, तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक त्याच्याकडे, तो आल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. कापसाच्या सीझनला आणि पेन्शनच्या तारखांना काउंटरवर जी गर्दी होते ती त्याच्यासारखी हाताळणारा मी तरी दुसरा पाहिला नाही, म्हाताऱ्या बायांना अंगठा लावायला शाई पुढे करता करता तो त्यांच्या नातवाची चौकशी करून मोकळा होतो.

2011 ला ऑफिसरच्या प्रमोशनच्या इंटरव्ह्यूचं पत्र आलं, गेला नाही, वडील नुकतेच वारले होते. 2018 ला सिलेक्शन झालं, पोस्टिंग छत्तीसगडला निघालं, फरगो, म्हणजे प्रमोशन नको, असं लिहून दिलं. कारण आईला अर्धांगवायू झालेला. दोन्ही वेळा कुणी काही बोललं नाही, उलट पोरगा आईबापासाठी थांबला म्हणून कौतुकच झालं.

2019 पासून त्याने आणखी एक गोष्ट सुरू केली. गावातल्या समाज मंदिरात संध्याकाळी सात ते नऊ, पोरापोरींना गणित आणि रिझनिंग शिकवायचं, फुकट. बहुतेक पोरं पोलीस भरतीवाली, पहाटे रस्त्यावर 1600 मीटर पळणारी आणि संध्याकाळी शेकडेवारीला घाबरणारी. दोन-तीन बँक क्लार्कच्या परीक्षेची, जिथे पूर्व परीक्षेत एका तासात 100 प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद. हे 36 सेकंद बापू घड्याळ लावून शिकवतो.

ऑगस्ट 2023 मध्ये आई गेली.

अडचण नेमकी काय

2024 ला, म्हणजे अमळनेरला साहित्य संमेलन झालं त्याच वर्षी, प्रमोशनचं सर्क्युलर आलं. मॅनेजर म्हणाले, बापू, आता तुम्हाला काही अडचण नाही. ते चांगल्या मनानेच म्हणाले. पण बापू मला नंतर म्हणाला की अण्णा, ते वाक्य ऐकलं आणि पोटात गोळा आला, कारण खरंच काही अडचण राहिली नव्हती.

मग त्याने नाही म्हणता येईना म्हणून परीक्षा दिली. पास झाला. ज्याला नापास व्हायचं असतं तोसुद्धा पेपर हातात आल्यावर चूक उत्तर लिहू शकत नाही, त्याचं बापू हे जिवंत उदाहरण. यादीत नाव आलं, पोस्टिंग तेलंगणात, सात दिवसात हो की नाही कळवा.

इकडे त्याच आठवड्यात क्लासमध्ये एका पोरीने विचारलं, "काका, तुम्ही आम्हाला म्हणता क्लार्क झाल्यावर थांबू नका, ऑफिसर व्हा. तुम्ही का नाही झाले?"

बापू म्हणाला, आई आजारी होती.

पोरगी म्हणाली, "आणि आता?"

तो रात्री साडेनऊला माझ्याकडे आला. बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, मला जायचं नाहीये, पण का जायचं नाहीये ते मला माहीत नाही.

मला विचाराल तर प्रकरणाचा गाभा या वाक्यात आहे. तेरा वर्षं लोक आणि तो स्वतः समजत होता की आईबापामुळे राहिलं. ते निमित्त होतं. कारण दुसरं काहीतरी होतं आणि ते त्याने कधी उघडून पाहिलंच नव्हतं, कारण गरज पडली नव्हती. निमित्त चांगलं असलं की कारण शोधायला कोण जातं? आणि त्यात साडू चीफ मॅनेजर, नागपूरला बँकेच्या फ्लॅटमध्ये, लग्नकार्यात भेटला की पाठीवर हात ठेवून "काय हेड कॅशियर" म्हणणारा. भाऊ सुरतला कापडाच्या धंद्यात, तिथे दुकानाच्या दोन शाखा. बापूला त्यांचा हेवा वाटत नव्हता असं नाही, वाटत होता, तो नाकबूल करत नाही.

समोरचे पर्याय

तीन होते. प्रमोशन घेऊन जायचं. तिसऱ्यांदा नाही म्हणून फरगो द्यायचं, मग आमच्या बँकेच्या नियमाने दोन वर्षं नाव बाद. नाहीतर व्हीआरएस, 20 वर्षं सर्व्हिस झालेली असल्याने पेन्शनसकट निघता आलं असतं, आणि क्लास पूर्णवेळ फी घेऊन चालवायचा.

व्हीआरएसवर फार वेळ घालवला नाही. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगला, मुलगा दहावीत, शिवाय ज्या पोरांकडे भरतीच्या बुटाला पैसे नसतात त्यांच्याकडून फी घेणं बापूला जमणारच नव्हतं.

उरलेल्या दोन पर्यायांचा हिशेब मी मांडून दिला, कारण मला वाटलं पैशात स्पष्ट दिसलं की निर्णय सोपा होईल. मार्च 2024 मध्ये बारावा द्विपक्षीय करार, म्हणजे बँका आणि युनियन यांच्यातला पगाराचा करार, झाला होता, नोव्हेंबर 2022 पासून लागू, एरियर्सच्या जोरावर बापूने मुलीची वर्षाची फी भरली होती. त्या करारात क्लार्कची बेसिक 64480 पर्यंत जाते, पुढे स्टॅग्नेशनची इन्क्रिमेंटं, म्हणजे टोक गाठल्यावर अधूनमधून मिळणारी वाढ. बापू ते टोक गाठून बसलेला. स्केल वनची, म्हणजे ऑफिसरच्या पहिल्या पायरीची, सुरुवात 48480 पासून आहे पण टोक 85920 ला. म्हणजे जाताना पगारात मोठी उडी नाही, पण पुढे 2035 ला रिटायर होईपर्यंत चढायला जागा आहे, आणि पेन्शन शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरीवर बसते त्यामुळे तिथे फरक पडणारच.

बापूचं म्हणणं होतं की दोन घरं चालवण्यात सगळं जाईल. मी म्हटलं, बाबा, ऑफिसरला बँक घर देते नाहीतर लीजचं भाडं देते, घरभाडं तुझ्या खिशातून नाही जाणार. खर्च राहील तो जेवणखाणाचा, आणि सणावाराला रजा मिळाली तर येण्याजाण्याचा. कागदावर पाहिलं तर जाण्यात फायदाच निघत होता.

त्याचा चेहरा पडला. मला तेव्हा कळलं नाही, आता कळतंय, त्याचं आणखी एक निमित्त मी गणित करून काढून घेतलं होतं.

पहिला वळणाचा मुद्दा : घरात विचारलंच नव्हतं

मी सहज विचारलं, वहिनी काय म्हणतात? तर म्हणाला, तिचं काय, ती म्हणेल तुम्ही ठरवाल ते. म्हटलं, विचारलंस का? नाही विचारलं. 2011 ला नाही, 2018 ला नाही, आताही नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे आला, आणि त्याबरोबर वहिनींचं बोलणंही. हे ते वाक्य, जे त्यांनी घालायला लावलं : "तुम्ही आईसाठी नाही म्हटलं, पण आईचं निभावलं मी. पाच वर्षं. कौतुक तुमचं झालं."

बापू ताटाकडे बघत राहिला.

वहिनी चिडलेल्या नव्हत्या, फक्त स्पष्ट बोलत होत्या, ते ऐकायला जास्त जड गेलं. त्यांचं म्हणणं होतं की प्रमोशन घ्या. त्यांना बाहेर पडायचं होतं, तेलंगणा तर तेलंगणा, कुठेतरी अशा घरात राहायचं होतं जिथे दारात उठसूट पाहुणा नाही आणि सकाळी चारला उठून उन्हाळाभर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायच्या नाहीत. (त्या बचत गटातून बिबड्या, कुरडया, पापड करून विकतात, आणि त्यांच्या बिबड्या पुण्या-मुंबईपर्यंत जातात. म्हणजे धंदा त्यांना आवडतो, दमणूक आवडत नाही.)

म्हणजे ज्या आयुष्याला बापू आपलं सुख समजत होता, साडेसहाला घरी, सातला क्लास, साडेनऊला जेवण, ते दुसऱ्या कुणाच्या तरी संध्याकाळवर उभं होतं. आपल्या मनाप्रमाणे जगायचं म्हणतो तेव्हा त्यातलं काम कोण करतंय हे पुरुष माणूस फार उशिरा विचारतो. मीही तेच केलं होतं, उलट्या दिशेने, प्रमोशन घेऊन.

दुसरा वळणाचा मुद्दा : अर्जातली एक ओळ

सात दिवसातले चार गेले होते. मी बापूला एकच काम दिलं. म्हटलं, हो म्हणायचं की नाही ते नंतर. आधी फरगोचा अर्ज लिहून आण, अट एवढीच की कारणाच्या जागी कुणाचं आजारपण, कुणाची परीक्षा, कुणाचं नाव यायला नको.

पहिला अर्ज आला : मुलाचे दहावीचे वर्ष. मी म्हटलं पुढच्या मार्चमध्ये पोरगं दहावी होईल, मग? फाडला.

दुसरा : उच्च रक्तदाबाचा त्रास. गोळी चालू आहे हे खरं, पण त्या गोळीवर निम्मी बँक चालते.

तिसरा दीड पानाचा, ग्रामीण ग्राहक, सेवा, समाज, विद्यार्थी, असं भाषण होतं. मला राग आला. मी म्हटलं, तू समाजासाठी थांबतोयस हे मला पटत नाही, आईच्या जागी तू समाज टाकलास एवढंच. तो उठून निघून गेला. दार जरा जोरात लागलं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आला तेव्हा कागदावर एवढंच होतं : "मला माझ्या सध्याच्या पदावरच काम करायचे आहे."

मी विचारलं, आणि हे का?

तेव्हा तो बोलला. म्हणाला, मला काउंटरवरची कॅश आवडते, अण्णा. संध्याकाळी मोजणी जुळते ना, रुपया इकडे नाही की तिकडे नाही, तिजोरी बंद होते आणि मी घरी जातो तेव्हा डोक्यात बँक नसते. ऑफिसरच्या डोक्यात रात्री अकरालापण एनपीए, थकलेलं कर्ज असतं, मी पाहतो ना त्यांना. आणि क्लासचं म्हणशील तर मला पोरांचं भलं वगैरे आहेच, पण खरं म्हणजे मला शिकवताना मजा येते, मी तिथे हुशार असतो. हे अर्जात कसं लिहू?

थोड्या वेळाने म्हणाला, माझ्या बापाने कधी आखाजीला मालकाला नाही म्हटलं नाही. त्याला ती सोयच नव्हती. मला आहे, आणि मी ती आईच्या नावावर वापरत होतो.

काय केलं

अर्ज सहाव्या दिवशी गेला. पण त्याआधी एक रात्र वहिनींशी बोलणं झालं, तिथे मी नव्हतो, जे कळलं ते दोघांकडून थोडं थोडं. वहिनींनी प्रमोशनचा आग्रह सोडला पण फुकट नाही सोडला. क्लास आठवड्यातून सहा दिवसांवरून चार दिवसांवर. रविवार क्लासचा नाही, पाहुण्यांचाही नाही. उन्हाळ्यात बिबड्यांच्या दिवसात बापूने पहाटे उठून चीक शिजवायला आणि घालायला हात लावायचा, आणि गच्चीवर पत्र्याचं शेड, म्हणजे वळवाचा पाऊस आला की पळापळ नको. शेडला 80 हजार लागले. आणि वर्षातून एकदा आठ दिवस बाहेर, नातेवाइकांकडे नाही, लॉजवर.

दोन एकर शेत होतं, कापूस, आजवर बापू सुट्टीच्या दिवशी स्वतः बघायचा. ते निम्म्यावर देऊन टाकलं, कारण दिवस कुठूनतरी काढायला हवेच होते. हे त्याला जड गेलं, प्रमोशनपेक्षा जास्त. सालदाराच्या पोराने स्वतःच्या पैशाने घेतलेली जमीन होती ती.

मुलीला फोनवर सांगितलं. ती भडकली. "पप्पा, मला म्हणता घाबरू नको, पुण्यात एकटी राहा, बाहेर पड, आणि तुम्ही?" बापूकडे याचं चांगलं उत्तर नव्हतं. तो एवढंच म्हणाला की मी घाबरून थांबलेलो नाही असं मला वाटतं, पण तू विचारलंस ते बरोबर आहे.

काय झालं

फरगो मंजूर झालं. वर्षभराने मॅनेजर बदलून गेले, नवीन आले ते 31 वर्षांचे, बापूच्या नोकरीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे. पहिल्या दिवशी केबिनमधून हाक आली, "अहो हेड कॅशियर, जरा या." बापू म्हणतो तेवढा क्षण टोचला. किल्ली दोघांना मिळून लावावी लागते त्यामुळे रोज सकाळी भेट होते, आता बरं चाललंय.

पैशाची ओढ आहे. मुलीच्या शेवटच्या वर्षाला एज्युकेशन लोन काढावं लागलं, दोन लाखांचं. प्रमोशन घेतलं असतं तर कदाचित लागलं नसतं, कदाचित लागलंही असतं.

क्लासमधून दोन पोरं पोलीस झाली, ती प्रश्न विचारणारी पोरगी क्लार्कची मेन्स थोडक्यात हुकून परत तयारीला बसली. बाकीच्यांचं काहीच झालं नाही, एक जण कंटाळून सुरतला गेला, बापूच्या भावाच्याच दुकानात. चार दिवसांचा क्लास केल्यावर पोरं कमी झाली, हे पण खरं.

वहिनी पहिल्या वर्षी आठ दिवस कोकणात जाऊन आल्या, बापूला समुद्रात लांबवर ओढत नेलं असं सांगतात. बिबड्या घालायला बापू उठतो, हात वाकडा चालतो, आकार गोल येत नाहीत, त्या घरात खायला ठेवतात.

साडूने लग्नात परत विचारलं. बापू म्हणाला, नाही घेतलं. का? नको होतं. मग साडूच म्हणे जरा वेळ गप्प झाला आणि त्याने गुडघेदुखीचा विषय काढला.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्याकडून सगळ्यात मोठी चूक म्हणजे हिशेब आधी आणि घर नंतर. मी आकडे घेऊन बसलो कारण मला आकडे येतात. वहिनींना पहिल्या रात्रीच बोलवायला हवं होतं, सातपैकी दोन दिवस वाचले असते आणि बापूला ती ओळ लवकर सापडली असती असं वाटतं.

बापूने परीक्षा द्यायलाच नको होती हे तो स्वतः म्हणतो. ज्याला नको होतं त्याने यादीतली एक जागा अडवली, आणि फरगो दिल्यावर ती जागा खालच्या माणसाला मिळतेच असं नाही. त्या वर्षी एक जण थोडक्यात राहिला होता, आमच्याच भागातला, त्याला हे कळलं तेव्हा त्याने बापूशी काही दिवस बोलणं टाकलं. इथे बापूचं समर्थन करायला माझ्याकडे काही नाही.

2018 ला वहिनींना विचारलं असतं तर काय झालं असतं? हा प्रश्न मी दोघांना वेगवेगळा विचारला. बापू म्हणाला, तेव्हापण गेलो नसतो, पण एक बाई ठेवली असती आईसाठी. वहिनी म्हणाल्या, तेव्हा विचारलं असतं तर मी जा म्हटलं असतं, आणि ते गेले असते, आणि मग मला आयुष्यभर ऐकवलं असतं.

शेताचं मला अजून पटलेलं नाही. घाईत दिलं. दुसरं काही सोडता आलं असतं का हे त्यांनी पाहिलंच नाही, वहिनींनाही शेत जायला नको होतं हे नंतर निघालं. ज्याला जे सोडायला सगळ्यात दुखतं ते सोडलं की आपण खरं काहीतरी केलं असं वाटतं, बापूने तेच केलं असावं. आता निम्म्याची बोली दर आखाजीला नव्याने होते. ओट्यावर आता बापू बसतो आणि समोरचा उभा राहतो, हे त्याला सहन होत नाही, म्हणून तो पहिल्या वर्षी स्वतःच खाली उतरून शेजारी उभा राहिला. समोरच्याला वाटलं आकडा वाढवून मागायचाय.

बापूची दोन वर्षांची बंदी संपली. नवीन सर्क्युलर आलं तेव्हा मला त्याचा फोन आला, इकडचं तिकडचं बोलला, कापसाचा भाव, ऊन 45 च्या वर गेलंय ते, आणि ठेवता ठेवता म्हणाला, "अण्णा, यंदा कटऑफ किती लागला असेल हो?"

मी म्हटलं, तुला कशाला?

"काही नाही, सहज," म्हणाला.